घराभोवतीच्या गांधीलमाश्या आणि वरटीदंश : शरदातील चिकित्साविचार

भाद्रपद उतरणीला लागला की राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवणे परिसरात पावसाची झड ओसरते, कौलांवरचे शेवाळ वाळू लागते आणि घरोघरी नवरात्रापूर्वीची साफसफाई सुरू होते. माळ्यावरची अडगळ खाली येते, पडवीचे वासे झाडले जातात, गोठ्याच्या वळचणीला चार महिने कोणाचा हात लागलेला नसतो तेथे झाडू फिरतो. याच सुमारास आमच्याकडे ओठ, पापणी, हाताचा पंजा सुजलेले रुग्ण येऊ लागतात. पुढे आश्विन-कार्तिकात गवतकापणी व भातकापणी आली की मांड्या व पाठीवर अनेक दंश घेतलेले शेतकरी येतात. गांधीलमाशी चावणे ही खेड्यात इतकी नित्याची गोष्ट आहे की रुग्ण, त्याचे नातेवाईक आणि पुष्कळदा वैद्यही तिला क्षुल्लक समजतो. आमच्याकडूनही एकदा ही चूक झाली आहे. तिचा उल्लेख पुढे येईलच.

प्रस्तुत लेखात घराभोवतीच्या पोळ्यांचे काय करावे, दंशानंतर आपली चिकित्सा कोठे उपयोगी पडते आणि ती कोठे थांबवून रुग्णास पुढे पाठवावे, या तीन गोष्टींचा विचार आम्ही करणार आहोत.

ऋतुमानाचा मुद्दा प्रथम घेतो. युरोप-अमेरिकेतील माहितीपर लिखाणात गांधीलमाश्यांचा उपद्रव उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाढतो असे असते. तिकडे हिवाळ्यापूर्वी पोळ्यातील अळ्यांची संख्या घटते, अळ्यांकडून कामकरी माश्यांना मिळणारा गोड स्राव आटतो आणि त्या माश्या माणसाच्या ताटातील गोड पदार्थांकडे वळतात. म्हणून मुरंब्याचे पाणी भरलेल्या बाटल्या टांगून त्यांना पकडण्याचा उपाय तिकडे सांगितला जातो. आपल्याकडे हे गणित तसेच्या तसे लागू होत नाही. आपल्या घरांच्या आश्रयाने राहणाऱ्या कागदी गांधीलमाश्यांपैकी एक सर्वत्र आढळणारी जात म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गडगकर यांनी तिचा कित्येक दशके अभ्यास केला. तिची पोळी वर्षभर केव्हाही सुरू होतात व केव्हाही मोडतात. तिला ठरावीक हंगाम नाही. मग शरदातच रुग्ण का वाढतात? आमच्या मते कारण माशीइतकेच माणसाच्या दिनक्रमात आहे. पावसाळ्यात आडोशाची पोळी कोणाच्या नजरेस न पडता वाढतात आणि पाऊस उघडताच माणसाचा हात, विळा व झाडू नेमका तेथे पोहोचतो. गोड बाटल्यांनी आपल्याकडे फारसे साधणार नाही. पोळे दिसणे आणि वेळीच दिसणे, हाच खरा प्रतिबंध होय.

ओळख

रुग्णाने ‘माशी चावली’ म्हटले की कोणती, हे विचारलेच पाहिजे. वळचणीला एका देठाने लोंबकळणारे, उलट्या छत्रीसारखे, घरे उघडी दिसणारे करड्या कागदाचे पोळे हे कागदी गांधीलमाश्यांचे. त्यांना डिवचले नाही तर त्या सहसा माणसाच्या वाट्याला जात नाहीत. भिंतीवर, फोटोच्या चौकटीमागे किंवा कुलपाच्या भोकात मातीचा गोळा दिसला तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, पिलांसाठी कोळी पकडून मातीत कोंडते आणि पोळ्याचे रक्षण करण्यासाठी अंगावर धावून येत नाही. तिच्या भीतीने घरात औषध फवारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते सर्वथा अनावश्यक आहे.

तिसरी व खरी धोक्याची ती मोठी गांधीलमाशी. काळसर तपकिरी शरीर, पोटावर पिवळा-नारिंगी जाड पट्टा आणि उडताना जाणवणारा जड आवाज. हिच्या व्हेस्पा ट्रोपिका व व्हेस्पा अफिनिस या दोन जाती आपल्याकडे दिसतात. हिचे पोळे बाहेरून तपकिरी कागदी आवरणाने बंद असते. ते झाडावर, ढोलीत, दगडी बांधाच्या पोकळीत किंवा जमिनीतील बिळातही असू शकते. गवत कापणाऱ्याच्या विळ्याखाली येते ते बहुधा हेच. गंमत अशी की व्हेस्पा ट्रोपिका ही लहान कागदी गांधीलमाश्यांची पोळी लुटून त्यांच्या अळ्यांवर आपली पिले पोसते. तेव्हा पडवीत लहान पोळ्यांची गर्दी झाली की मोठीचा फेरा तेथे वाढतो.

चौथी गोष्ट आग्या मोहोळाची. राजगडावर येणाऱ्या पर्यटकांना त्याचा त्रास होतो आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड असल्याने गडावरची वर्दळ वाढणारच. परंतु आग्या ही मधमाशी आहे, गांधील नव्हे, आणि चिकित्सेच्या पहिल्याच मिनिटाला हा भेद महत्त्वाचा ठरतो. मधमाशीची नांगी आकड्यांची असल्याने विषपिशवीसह त्वचेत अडकून राहते व विष सोडत राहते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्याने ती अडकत नाही, पण एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. नांगी अडकलेली दिसल्यास ती तत्काळ काढावी. नखाने, चिमट्याने, कार्डाच्या कडेने की खरवडून, याचा काथ्याकूट करू नये. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काढण्याच्या पद्धतीपेक्षा काढण्यास लागलेला वेळच महत्त्वाचा ठरला आहे. गांधीलदंशात मात्र नसलेली नांगी शोधत त्वचा कुरतडणे टाळावे.

संहितोक्त विचार

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटकल्प या अध्यायात कीटांचे दोषानुसार वर्गीकरण आले आहे : वायव्य १८, आग्नेय २४, सौम्य १३ आणि सान्निपातिक १२, एकूण ६७. वरटी, कणभक व भ्रमर हे तिघेही आग्नेय म्हणजे पित्तप्रकोपक गटात मोजले आहेत. कणभ म्हणजे नेमका कोणता कीटक याविषयी मतभेद आहेत, तथापि वरटी म्हणजे गांधीलमाशी याबद्दल फारसा वाद नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २३व्या अध्यायात कणभदंशाची लक्षणे सांगताना विसर्प, शोथ व शूल यांच्या जोडीला ज्वर व छर्दीही सांगितली आहे. आमच्या दृष्टीने ही जोड फार मोलाची आहे. दंश त्वचेवर असला तरी विकार सर्वशरीरगत होऊ शकतो, याची जाणीव त्यात स्पष्ट आहे.

येथे एक शंका विद्यार्थ्यांकडून नेहमी येते. विषचिकित्सा सामान्यतः शीत असावी, परंतु कीटविष शीताने वाढते म्हणून तो अपवाद, असे सुश्रुतांचे मत आहे. मग गांधीलदंशावर गार पाण्याची पट्टी ठेवावी की नाही? आमचा विचार असा की हा अपवाद कफवातप्रधान कीटांच्या बहुसंख्येला धरून आहे. वरटी आग्नेय गटातली, दंश शरदात म्हणजे पित्तप्रकोपाच्या ऋतूत आणि समोर दाह, राग, ओष अशी लक्षणे. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत असताना केवळ सामान्य वचनाकडे पाहून उष्ण स्वेद देणे योग्य नव्हे. पहिल्या दिवशी शीतोपचार करावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाह शमून केवळ कंडू व कठीण शोथ उरला की मगच किंचित उष्ण, लेखन गुणाच्या द्रव्यांकडे वळावे. याबाबत ज्येष्ठांचे मत भिन्न असल्यास ते जाणून घेण्यास आम्ही उत्सुक आहोत.

विषाचे जे दहा गुण चरकांनी सांगितले, त्यांतील आशु, व्यवायी व विकासी हे तीन गुण गांधीलदंशाच्या रुग्णासमोर बसलेल्या वैद्याने विसरू नयेत. घातक प्रतिक्रिया झाली तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच होते.

साधा दंश

एक-दोन दंश, स्थानिक लाली, सूज, आग, आणि त्यापलीकडे काही नाही, अशा रुग्णात आमचा क्रम साधा आहे. साबणाने व पाण्याने धुणे, बोटातील अंगठी व हातातील बांगड्या सूज वाढण्यापूर्वी उतरवणे, गार पट्टी आणि त्यावर शतधौत घृत किंवा चंदन व वाळा उगाळून केलेला लेप. दुसऱ्या दिवशीही सूज वाढते आणि रुग्ण घाबरून येतो. दंश हातावर व सूज कोपरापर्यंत असली तरी ज्वर, पू वा रेषेसारखी पसरणारी लाली नसल्यास हे बहुधा स्थानिक विषकार्यच असते, त्यास लगेच पाक समजू नये. या अवस्थेत दशांग लेप तुपातून लावावा. पोटात सारिवा (उपळसरी), गुडूची व मंजिष्ठा यांचा काढा दोन-तीन दिवस देतो. शिरीष हे चरकांनी विषघ्नांमध्ये अग्र्य मानलेले द्रव्य आहे. त्याची ताजी साल मिळत असल्यास ती उगाळून लावावी.

औषधालयचालक बंधूंसाठी एक सूचना येथेच करतो. दशांग लेप आणि दशांग अगद ही दोन निरनिराळी औषधे आहेत. पहिल्यात शिरीष, यष्टीमधु, तगर, रक्तचंदन, वेलदोडा, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ व वाळा ही द्रव्ये असून ते बाह्योपचारासाठी आहे. दुसरा वाग्भटांनी काश्यपांच्या नावे सांगितलेला पाठ. त्यात वचा, हिंग, विडंग, सैंधव, गजपिप्पली, पाठा, अतिविषा व त्रिकटु ही द्रव्ये असून तो सर्व कीटविषांवर प्याला जातो. नावातील साम्याने ‘दशांग द्या’ एवढ्याच चिठ्ठीवर भलतेच चूर्ण गेल्याचे आम्ही पाहिले आहे. दशांग अगदाची द्रव्ये बहुतांशी तीक्ष्णोष्ण आहेत. शरदातील दाहयुक्त वरटीदंशात, विशेषतः पित्तप्रकृतीच्या रुग्णात, ते पहिल्या दिवशी देण्यास आम्ही कचरतो. वैद्यांनी चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहावे व चालकांनी ते विचारून घ्यावे.

घरगुती उपायांपैकी चुना लावणे सर्वांत प्रचलित आहे आणि आम्ही तो टाळावयास सांगतो. पापणीवर व ओठावर चुन्याने त्वचा भाजते. मधमाशीचे विष आम्ल म्हणून सोडा आणि गांधीलमाशीचे अल्क म्हणून लिंबू, हे सूत्र शाळेपासून ऐकत आलो असलो तरी ते खरे नाही. विष त्वचेच्या खाली गेलेले असते आणि त्याचे कार्य आम्लतेवर अवलंबून नसते. विळा अथवा किल्लीचे लोखंड घासण्याने गारवा लाभतो, इतकेच. झेंडूच्या पाल्याचा रस लावण्यास आमची हरकत नाही, मात्र पाला धुतलेला असावा. सुश्रुतांनी मक्षिकादंशावर वारुळाच्या काळ्या मातीचा गोमूत्रातून लेप सांगितला आहे, पण फुटलेल्या त्वचेवर माती लावल्याने धनुर्वाताचा धोका आहे हे आज ज्ञात असताना तो आम्ही वापरत नाही. ग्रंथाचा आदर राखून एखादा प्रयोग बाजूस ठेवता येतो.

जेथे लेप पुरत नाही

दोन प्रसंग वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला अॅनाफिलॅक्सिसचा. येथे दंशांची संख्या गौण असते, एकही दंश पुरतो. दंशाच्या जागेपासून दूर, सर्वांगावर गांधी उठणे किंवा लाली, ओठ-जीभ-घसा सुजणे, आवाज बदलणे, दम लागणे, वारंवार वांती, घेरी, नाडी क्षीण व द्रुत होणे. यांपैकी श्वास किंवा नाडीचे एखादे लक्षण दिसले की लेपाचा विचार सोडावा. येथे प्राण वाचवणारे औषध अॅड्रिनॅलिन हेच आहे. प्रौढास १:१००० प्रमाणाचे अर्धा मिली, बालकास वजनाच्या प्रत्येक किलोस ०.०१ मिली (प्रौढ मात्रेहून अधिक नाही), मांडीच्या बाहेरील मध्यभागी स्नायूत. सुधारणा नसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. नोंदणीच्या नियमांनी ज्यांना ते देण्याची मुभा व प्रशिक्षण आहे त्यांनी ते दवाखान्यात ठेवावे, मुदत तपासावी. इतरांनी क्षणाचा विलंब न करता रुग्ण पुढे न्यावा. प्रत्यूर्जतेच्या गोळ्या वा हरिद्राखंड हे मागाहून उरलेल्या शीतपित्तासाठी. श्वास कोंडलेल्या रुग्णात त्यांवर विसंबणे घातक होय. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात अॅड्रिनॅलिनचा गुण कमी येतो, म्हणून ती औषधे चालू आहेत का ते विचारावे व पुढील रुग्णालयास कळवावे.

रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असल्यास पाय पसरून बसवावे. त्यास उठवून मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडील पद्धत फार धोक्याची आहे, कारण रक्तदाब खालावलेला रुग्ण एकाएकी उभा राहिल्यास हृदय थांबू शकते. चरकोक्त २४ उपक्रमांत हृदयावरण आहे व त्यासाठी घृतादी पाजण्याचा विधी आहे, परंतु घसा सुजलेल्या वा अर्धवट शुद्धीच्या रुग्णास तोंडाने काहीही देऊ नये. अरिष्टाबंधन, उत्कर्तन व चूषण यांनाही येथे स्थान नाही. तोंडात वा घशात दंश झाला असेल (उसाच्या रसाच्या पेल्यात माशी बसल्याने असे होते) तर प्रत्यूर्जता नसतानाही सूज श्वासमार्ग रोधू शकते.

दुसरा प्रसंग बहुदंशाचा, आणि आमची चूक येथे झाली. एक मध्यमवयीन शेतकरी बांधावरचे गवत कापताना मोठ्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पडला. पाठ, मान व डोके मिळून तीसच्या आसपास दंश होते. तो आमच्याकडे आला तेव्हा श्वास उत्तम, नाडी स्थिर, तक्रार केवळ वेदनेची. आम्ही लेप दिला, काढा दिला, तासभर बसवून घेतले व समाधानाने घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची पत्नी सांगत आली की लघवी कोऱ्या चहासारखी होते आहे आणि ती सकाळपासून एकदाच झाली. वृक्क बंद पडत होते. पुण्यातील रुग्णालयात डायलिसिस करावे लागले. काही आठवड्यांनी तो बरा झाला, हे त्याचे व आमचे सुदैव. मधल्या काळात अंगदुखीसाठी त्याने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या होत्या. त्या घेऊ नयेत असे आम्ही सांगितले नव्हते.

याचे कारण असे की विष अधिक मात्रेत गेल्यास स्नायूंचा व रक्तकणांचा नाश होतो आणि त्यांतील रंगद्रव्ये वृक्कांत अडकतात. हा प्रकार प्रत्यूर्जतेचा नव्हे, त्यामुळे पहिला अर्धा तास सुखरूप गेला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. लक्षणे एक ते तीन दिवसांनी उमटतात. २०१३ साली चीनच्या शान्सी प्रांतात जुलै ते ऑक्टोबर या काळात मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत ४० हून अधिक माणसे दगावली व दीड हजारांवर जखमी झाली, त्यांतही वृक्कविकार मोठ्या प्रमाणात दिसला होता.

तेव्हापासून आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे. मोठ्या गांधीलमाशीचे दहा किंवा अधिक दंश असलेला रुग्ण, आणि बालक असल्यास त्याहून कमी दंशांचाही, किती ठणठणीत दिसो, रक्त व लघवीच्या तपासणीसाठी पुढे पाठवायचा. पाच-सात दंश असलेल्यास तीन दिवस प्रत्येक लघवी काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात पाहण्यास सांगायचे. मूत्रपरीक्षा हा आपला परंपरागत विषय आहे, त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. या रुग्णास वेदनाशामक गोळ्या, मूत्रल चूर्णे व रसौषधी देऊ नयेत.

पुढे पाठवायचे ते कोठे व कसे, याचा विचार रुग्ण समोर येण्यापूर्वीच केलेला असावा. गुंजवण्याहून साखरमार्गे मार्गासनीला उतरले की एक रस्ता वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे जातो व दुसरा नसरापूरमार्गे पुणे-सातारा महामार्गाला मिळतो. श्वासाचा रुग्ण जवळच्या जागी, वृक्काचा संशय असलेला डायलिसिसची सोय असलेल्या जागी, असा आमचा क्रम. राज्यात २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर असतात आणि त्यांत आपले बी.ए.एम.एस. बंधू-भगिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांना दूरध्वनीवर ‘माशी चावली’ असे न सांगता ‘बहुदंश’ किंवा ‘श्वासरोध’ असे स्पष्ट सांगावे.

पोळ्यांची व्यवस्था

रुग्णाच्या घरी गेल्यावर वर पाहण्याची सवय वैद्याने लावून घ्यावी. वळचण, वीजमीटरची पेटी, मोटारीची खोली, पाण्याच्या टाकीचे झाकण, शाळेचा व्हरांडा, देवळाचा मंडप, सरपणाचा ढीग या ठरलेल्या जागा आहेत. चार-सहा घरांचे नवे पोळे व त्यावर एक-दोन माश्या असतील तर संध्याकाळी अंधार पडताना, अंग पूर्ण झाकून, लांब बांबूने देठ तोडावा. पोळे पडले की दुसऱ्या दिवशी त्या जागी घासून साबणपाणी लावावे. आठवडाभर लक्ष ठेवावे, कारण त्या पुन्हा तेथेच बांधू पाहतात. वाढलेले कागदी पोळे माणसांच्या वावरापासून दूर असेल तर राहू द्यावे. या माश्या अळ्या वेचून आपल्या पिलांना भरवतात, परसातल्या भाजीला त्यांचा उपयोगच होतो.

मोठ्या गांधीलमाशीच्या बंद पोळ्यास घरच्या माणसाने हात लावू नये. प्रशिक्षित माणसाकडून, रात्री, योग्य पोषाखात ते काढवावे. तोवर भोवती दोरी बांधून मुलांना व गुरांना दूर ठेवावे. धुराविषयी एक गैरसमज आहे. धूर दिला की मधमाश्या मध पिऊन शांत होतात, गांधीलमाशी मध साठवतच नाही, त्यामुळे ती धुराने तशी शांत होत नाही, उलट चवताळू शकते. रॉकेलचा बोळा पेटवून पोळे जाळणे तर कौलारू घर, गोठा व गवताची गंजी एकमेकांना चिकटून असलेल्या वस्तीत माशीपेक्षा मोठे संकट ओढवून घेणे होय. पिकावर मारायचे कीटकनाशक धान्याच्या खोलीत वा चुलीजवळ फवारू नये. दंशाऐवजी विषबाधेचा रुग्ण पाहण्याची वेळ येते.

गवत कापण्यापूर्वी बांधावर लांब काठीने झोडपून चार पावले मागे उभे राहावे व माश्यांची ये-जा दिसते का ते पाहावे. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोके व चेहरा झाकून, सरळ घरात वा गाडीत शिरावे. पाण्यात उडी मारू नये.

औषधालयाच्या मेजावर सप्टेंबर ते डिसेंबर एक लहान पाटी असावी, अशी आमची विनंती आहे. लेप मागणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत : किती दंश, केव्हा, दम किंवा घेरी आहे का, लघवीचा रंग कसा. उत्तरे समाधानकारक असतील तर लेप द्यावा. नसतील तर लेपाचे पैसे न घेता आधी वाहन बोलवावे, आणि दंशाची वेळ चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाच्या खिशात घालावी.